स्पॉन्सर कोण आणि सही कशावर?

मंडळी, ‘स्पॉन्सर’ या शब्दाचा आपल्या घरांतला पहिला अर्थ म्हणजे ग्रीन कार्डवाला मामा. कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे उभे राहताना ज्याच्या बँकेचे पत्र आपल्या फायलीत असे, तो स्पॉन्सर. दुसरा अर्थ मंडळाच्या कामाला लागल्यावर कळतो. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देणारा तो स्पॉन्सर. तिसरा अर्थ मात्र विद्यापीठाच्या लॅबमध्ये शिरल्याशिवाय कळत नाही. प्रोफेसरांच्या संशोधनाला पैसे पुरवणारी कंपनी किंवा सरकारी खाते, म्हणजे हा तिसरा स्पॉन्सर. या वेळच्या सदरात आम्ही त्याची ओळख करून देणार आहोत. आपल्यापैकी कित्येकांची शिक्षणे त्याच्याच पैशावर झाली, आणि आता आपली मुले-भाचरे त्याच वाटेने निघाली आहेत.

आम्ही मास्टर्स करायला आलो तेव्हा असिस्टंटशिप मिळाली हीच मोठी बातमी असे. फी माफ, वर महिन्याला स्टायपेंड! घरी पेढे वाटले गेले. आमची लॅब विद्यापीठ आणि कंपन्या मिळून चालवत असलेल्या एका केंद्राचा भाग होती. अशी केंद्रे काढण्याचा प्रयोग नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९७३ साली सुरू केला. त्याची रचना आपल्या भिशीसारखी आहे. सभासद कंपन्या दरवर्षी ठरलेली वर्गणी भरतात, सरकार थोडे बीजभांडवल घालते आणि विद्यापीठ माणसे व जागा देते. भिशीचे पैसे एका वेळी एकालाच मिळतात, इथे निघालेले संशोधन सगळ्या सभासदांना वापरता येते, एवढाच फरक. वर्षातून दोनदा बैठक भरते. विद्यार्थी पोस्टर लावून उभे राहतात आणि कंपन्यांचे इंजिनियर हातात फॉर्म घेऊन फिरतात. या कामात रस आहे, बदल केल्यास रस आहे, की अजिबात रस नाही, अशा चौकटींत ते खुणा करतात. त्या खुणांवरून पुढच्या वर्षी कोणता प्रकल्प जगणार ते बरेचसे ठरते.

तेव्हा आम्ही पोस्टरशेजारी उभे असायचो. आज नोकरीच्या निमित्ताने त्याच प्रकारच्या बैठकांना फॉर्म घेऊन जातो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंची हवा आम्हाला ठाऊक आहे, एवढीच काय ती आमची या विषयातली पात्रता.

ही सोयरीक नवी नाही. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली को-ऑप पद्धत सुरू केली, म्हणजे विद्यार्थ्याने काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात शिकायचे. एम.आय.टी.ने पहिल्या महायुद्धानंतर कंपन्यांकडून वार्षिक रक्कम घेऊन आपल्या तज्ज्ञांचे दरवाजे त्यांना उघडले. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातले ड जीवनसत्त्व वाढवण्याची युक्ती शोधली. त्या पेटंटचे उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनाला मिळावे म्हणून १९२५ साली तिथे एक वेगळी संस्थाच उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. स्टॅनफर्डचे फ्रेडरिक टर्मन यांनी तर विद्यापीठाच्या रिकाम्या जमिनीवर कंपन्यांना जागा देऊन १९५१ साली इंडस्ट्रियल पार्क वसवले. पुढे त्या परिसराला सिलिकॉन व्हॅली म्हणू लागले.

आपल्याकडेही असे काही घडलेच नाही असे समजू नका. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तीच आपली माटुंग्याची यू.डी.सी.टी. पहिल्यापासून तिथे कापडाच्या रसायनशास्त्राला जागा होती, कारण गिरण्या शेजारीच होत्या. प्राध्यापकाने कारखान्याला सल्ला द्यावा आणि कारखान्याचा प्रश्न वर्गात आणावा, ही रीत प्रा. मनमोहन शर्मांसारख्यांनी तिथे रुजवली. डॉ. रघुनाथ माशेलकर याच संस्थेचे. तेव्हा ‘कंपनी आणि कॉलेज’ ही जोडी मराठी माणसाला परकी नाही. परक्या आहेत त्या इथल्या करारांच्या अटी, आणि आमचा आजचा मुद्दा नेमका तोच आहे.

अमेरिकेत खरे वळण आले ते १९८० साली. तोपर्यंत सरकारी पैशातून निघालेल्या शोधाचे पेटंट साधारणपणे सरकारकडे जाई. अशी अठ्ठावीस हजारांच्या आसपास पेटंटे सरकारच्या कपाटात पडून होती आणि त्यांतली पाच टक्केसुद्धा कुणी वापरायला घेतली नव्हती. इंडियानाचे बर्च बाय आणि कॅन्ससचे बॉब डोल, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, या दोन सेनेटरांनी मिळून कायदा केला. सरकारी पैशातून शोध लागला तरी त्याचे पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येईल आणि ते कंपनीला वापरायला देऊन रॉयल्टी घेता येईल, अशी मुभा त्याने दिली. गूगलचे मूळ पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होते, ते याच व्यवस्थेतून. त्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विद्यापीठाने २००५ पर्यंत विकले आणि सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले.

अर्थात सगळ्यांच्या हाती गूगल लागत नाही, पण पेटंट घेण्याची घाई सगळ्यांना लागली. त्या घाईचा एक नमुना आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘हळदीने जखम बरी करण्याचे’ पेटंट मिळाले! माशेलकरांच्या सी.एस.आय.आर.ने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द करवले. आपल्या आज्यांना पेटंट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण हळद ठाऊक होती.

आता या सगळ्यात कंपन्यांचा पैसा किती? आमच्या पार्टीतल्या मंडळींना विचारले तर कुणी निम्मा म्हणतो, कुणी त्याहून जास्त. खरा आकडा फार लहान आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन विद्यापीठांनी संशोधनावर सुमारे १०९ अब्ज डॉलर खर्च केले. त्यांत केंद्र सरकारचा वाटा होता ५५ टक्क्यांच्या आसपास. विद्यापीठांनी स्वतःच्या तिजोरीतून घातलेला वाटा साधारण पाव हिस्सा. आणि उद्योगांचा वाटा फक्त ६ टक्क्यांच्या आसपास!

पण वाटा लहान म्हणून वजन लहान असे नव्हे. १९८२ साली जपानी मेमरी चिप्सपुढे अमेरिकन कंपन्यांना घाम फुटला होता. तेव्हा आय.बी.एम., इंटेल यांच्यासारख्या एरवी एकमेकांच्या तोंडाकडे न पाहणाऱ्या कंपन्यांनी वर्गणी काढून सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन स्थापन केले. त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा बांधली नाही. पैसे विद्यापीठांना दिले आणि त्यांतून विद्यार्थी तयार केले. कंपनीच्या दृष्टीने शोधनिबंधापेक्षा तो लिहिणारा मुलगा किंवा मुलगी अधिक मोलाची, हे त्यांनी ओळखले. चिप-उद्योगात शिरलेल्या आपल्या कितीतरी मराठी मुलांच्या प्रबंधाच्या आभारपत्रात या संस्थेचे नाव सापडेल.

शिवाय कंपनीला धीर कमी असतो, हे आम्ही कंपनीत बसूनच सांगतो. दोन-तीन वर्षांत काही दिसले नाही तर वरचा साहेब विचारतो, ‘हे पैसे कशाला?’ बर्कलीला प्रा. चेनमिंग हू आणि सहकाऱ्यांनी माशाच्या परासारखा उभा राहणारा फिनफेट ट्रान्झिस्टर १९९० च्या दशकाच्या अखेरीस करून दाखवला, तो सरकारच्या डार्पा या संस्थेच्या पैशावर. इंटेलने तशी रचना उत्पादनात आणण्याची घोषणा केली २०११ साली. म्हणजे मध्ये गेले एक तप. पेरणीचा पैसा सरकारचा आणि कापणी उद्योगाची, असा हा हिशेब आहे. २०२५ साली केंद्र सरकारने अनेक विद्यापीठांची संशोधन-अनुदाने थांबवली किंवा रद्द केली, त्यांतली काही कोर्टात गेली. तेव्हा ‘मग कंपन्या देतील की!’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. सहा टक्केवाल्याने पंचावन्न टक्क्यांची जागा भरायची, म्हणजे मुठीने विहीर बुजवायची गोष्ट झाली. तरीही एक होणारच. सरकारी पैसा आटला की प्रोफेसर कंपन्यांची दारे ठोठावणार, आणि गरजू माणूस करारातल्या अटींकडे फार बारकाईने पाहत नाही.

त्या अटींचे काय होऊ शकते ते पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग या संशोधिकेने थायरॉइडच्या गोळ्यांची तुलना केली. पैसे दिले होते सिंथ्रॉइड ही महाग गोळी विकणाऱ्या कंपनीनेच. निष्कर्ष निघाला की स्वस्त गोळ्याही तितक्याच कामाच्या आहेत. लेख नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने स्वीकारला, जानेवारी १९९५ च्या अंकात तो यायचा होता. पण करारात एक ओळ होती : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काही छापायचे नाही. कंपनीने ती ओळ पुढे केली. विद्यापीठाच्या वकिलांनीही बाईंच्या पाठीशी उभे राहता येणार नाही असे सांगितले. लेख मागे घ्यावा लागला आणि अखेर एप्रिल १९९७ मध्ये छापून आला. मधली दोन वर्षे लोक महाग गोळी घेत राहिले. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण भाटांसाठी ठेवली होती. करार ती शास्त्रज्ञालाही लावतो.

दुसरे प्रकरण नुसत्या एका क्रियापदाचे. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाच्या कागदावर सही केली होती, ‘शोधाचे हक्क देण्याचे कबूल करतो’. नंतर एक तंत्र शिकण्यासाठी तो सीटस नावाच्या कंपनीत गेला. तिथल्या कागदावर होते, ‘हक्क याद्वारे देत आहे’. पुढे त्या कंपनीचा हा धंदा रोशने विकत घेतला आणि एच.आय.व्ही.च्या चाचणीवरून स्टॅनफर्डने रोशवर दावा लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०११ साली स्टॅनफर्ड हरले. १९८० च्या कायद्याने शोधाचे हक्क आपोआप विद्यापीठाला मिळत नाहीत, ते आधी शोध लावणाऱ्याचेच असतात, असे कोर्टाने सांगितले. आणि शोध लावणाऱ्याने ते ‘देईन’ म्हटले होते विद्यापीठाला, ‘देतो’ म्हटले होते कंपनीला. शाळेत काळ चालवताना कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

पण आपल्या मुलांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसरीच आहे, आणि ती व्हिसाशी जोडलेली आहे. अमेरिकेच्या निर्यात-कायद्यात एक अजब वाटणारी तरतूद आहे. काही विशिष्ट तंत्रज्ञान परदेशी माणसाला अमेरिकेतल्याच खोलीत बसून दाखवले, तरी ते त्याच्या देशात निर्यात केल्यासारखे धरतात. ग्रीन कार्डवाल्यांना किंवा नागरिकांना हे लागू नाही. एफ-१ व्हिसावर आलेल्या आपल्या भाच्याला लागू आहे. मग विद्यापीठांतल्या लाखो परदेशी मुलांचे कसे चालते? ते चालते एका सवलतीमुळे. ज्या संशोधनाचे निष्कर्ष मोकळेपणाने छापले जातात, ते ‘मूलभूत संशोधन’, आणि त्याला हे निर्बंध नाहीत. रेगन यांच्या कारकीर्दीत सप्टेंबर १९८५ मध्ये हे धोरण म्हणून जाहीर झाले.

आता यातली मेख पाहा. विद्यापीठाने करारात ‘आमच्या परवानगीशिवाय छापायचे नाही’ ही अट मान्य केली की ती सवलत जाते. म्हणजे छापण्याची मोकळीक ही प्रोफेसरांच्या मानापानाची बाब राहत नाही. व्हिसावरच्या विद्यार्थ्याची लॅबमधली खुर्ची तिच्यावर उभी असते. छापायला बंदी आली की प्रकल्प बंद दाराआड जातो आणि आपला मुलगा दाराबाहेर राहतो.

ही नुसती भीती नाही. टेनेसी विद्यापीठातले प्लाझ्माचे नामवंत प्रोफेसर जॉन रीस रॉथ यांचे उदाहरण पाहा. विद्यापीठातूनच निघालेल्या एका कंपनीला हवाई दलाचे, वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांसंबंधीचे काम मिळाले होते आणि त्याचा काही भाग रॉथ यांच्या लॅबकडे आला. त्या कामावर त्यांनी एका चिनी आणि एका इराणी विद्यार्थ्याला घेतले. २००८ साली ज्युरीने त्यांना दोषी ठरवले आणि २००९ साली सत्तरी ओलांडलेल्या या प्रोफेसरांना चार वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठ, कंपनी आणि सरकार असे तिघांचे पैसे आणि तिघांचे नियम एका टेबलावर आले, की कोणत्या कागदाला कोणता नियम लागतो ते आधी विचारावे लागते. विद्यार्थी तर त्या टेबलावर सगळ्यात शेवटी येतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरी याची सौम्य आवृत्ती पाहिली. मुलीची पीएच.डी. झाली, प्रबंध मंजूर झाला, पण पैसे देणाऱ्या कंपनीला पेटंट हवे होते म्हणून तो वर्षभर कुलपात. शोधनिबंधही थांबले. बाईसाहेब प्राध्यापकीसाठी अर्ज करीत होत्या आणि दाखवायला हातात कागद नव्हता. आई फोनवर म्हणाली, ‘अहो, हिने पाच वर्षं केलं काय असं लोक विचारतात, आणि हिला सांगता येत नाही!’ यात कुणी गुन्हा केला नव्हता, सगळे करारात लिहिले होते. मुलीने तो करार कधी पाहिलाच नव्हता, कारण तो विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातला.

कंपनीचीही बाजू आहे, ती लपवणे बरे नव्हे. शोध आधी छापला तर अमेरिकेत पेटंटच्या अर्जासाठी वर्षभराची सवलत मिळते, पण युरोपात आणि इतर बहुतेक ठिकाणी हक्क तिथेच बुडतो. तेव्हा छापण्यापूर्वी महिना-दोन महिने मसुदा पाहू द्या, आमची गुप्त माहिती चुकून गेली असेल तर ती काढू द्या, ही मागणी रास्त आहे. आम्ही स्वतः ती करतो. तेवढ्याने वर सांगितलेली सवलतही जात नाही. फरक आहे तो ‘थोडे थांबा’ आणि ‘आम्ही सांगू तेव्हाच’ या दोहोंत.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी ॲडमिशनची पत्रे येतील, त्यांनी पेढ्यांबरोबर चार प्रश्नही मुलाच्या हाती द्यावेत. एक, असिस्टंटशिपचे पैसे कुठून येतात : सरकार, एक कंपनी, कंपन्यांची भिशी, की डिपार्टमेंट? दोन, निष्कर्ष छापण्यापूर्वी कुणाला दाखवायचे आहेत आणि जास्तीत जास्त किती दिवस? ३०, ६० किंवा ९० दिवस असा आकडा सांगितला तर चिंता नाही. ‘संमती मिळाल्यावर’ असे उत्तर आले तर दुसरा प्रकल्प मागावा. तीन, प्रकल्पावर परदेशी विद्यार्थ्यांना काही बंधन आहे का? चार, उन्हाळ्यात कंपनीत इंटर्नशिपला जाताना जो कागद पुढे येईल, त्यातले ‘देईन’ आणि ‘देतो’ पाहिले का? शंका असेल तर प्रत्येक मोठ्या विद्यापीठात प्रायोजित संशोधनाचे कार्यालय असते. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे गुरूला असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. इथे तसे नाही. चांगले प्रोफेसर या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट मुलगा व्यवहारी आहे म्हणतात. आणि जे रागावतील, त्यांच्याकडे पाच वर्षे काढायची की नाही, हेही त्याच बैठकीत कळून जाईल. पहिले सत्र सुरू होण्याआधी कळलेले बरे, कारण नंतर प्रकल्प बदलायचा म्हणजे एक-दोन वर्षांचे काम पाण्यात, आणि व्हिसाचे घड्याळ काही कुणासाठी थांबत नाही.